उभ्या गाडीची बॅटरी सांभाळणारा चार्जर: सीटेक एमएक्सएस ५.०

परदेशात सहा महिने-वर्षभर राहायचे आणि गाडी मागे ठेवायची, तर सगळ्यात आधी बॅटरी जाते. कुलूप लावलेली गाडीही वीज खातच असते. अलार्म, चावीच्या सिग्नलची वाट पाहणारा रिसीव्हर, घड्याळ, कंट्रोल युनिटची मेमरी हे सगळे मिळून साधारण २० ते ५० मिलीअँपिअर ओढतात. ५० धरले तर दिवसाला १.२ अँपिअर-तास होतात. म्हणजे ६० अँपिअर-तासांची बॅटरी ५० दिवसांत पूर्ण रिकामी, आणि स्टार्टर फिरायचा त्याच्या कितीतरी आधी थांबतो. रिकाम्या राहिलेल्या बॅटरीच्या प्लेटांवर लेड सल्फेटचे स्फटिक घट्ट बसतात. मग ती चार्ज झाल्यासारखी दिसते, पण दोन वेळा सेल्फ मारला की बसते.

सीटेक या स्वीडिश कंपनीचा एमएक्सएस ५.० हा १२ व्होल्टच्या लेड-अॅसिड बॅटरीचा चार्जर नेमका यासाठी आहे. साधा चार्जर बॅटरी भरल्यावरही करंट ढकलत राहतो. महिनाभर तसा लावून ठेवला तर पाणी आटते आणि प्लेटा खराब होतात. हा आठ टप्प्यांत काम करतो. सुरुवातीचे टप्पे सल्फेट सोडवण्याचे आणि हळू चार्जिंग सुरू करण्याचे, मधले ५ अँपिअरने भरण्याचे आणि बॅटरी चार्ज धरते का ते तपासण्याचे. उभ्या गाडीच्या दृष्टीने खरे मोल शेवटच्या दोन टप्प्यांचे. सातव्यात तो १३.६ व्होल्टवर स्थिर राहतो. आठव्यात फक्त लक्ष ठेवतो आणि व्होल्टेज उतरले की छोटा डोस देऊन चार्ज ९५ ते १०० टक्क्यांमध्ये राखतो. ४ चा दिवा लागला की गाडी सुरू करण्यापुरती बॅटरी तयार, ७ चा लागला की भरली, ८ म्हणजे राखण चालू.

मोड निवडताना चूक होते, म्हणून हे सविस्तर. साध्या पाण्याच्या बॅटरीला कारच्या चित्राचा मोड, १४.४ व्होल्ट. मोटरसायकलच्या चित्राचा ०.८ अँपिअरचा मोड १४ अँपिअर-तासांपेक्षा लहान बॅटरीसाठी. स्टार्ट-स्टॉप गाड्यांत (सिग्नलला इंजिन आपोआप बंद होणाऱ्या) बहुधा एजीएम बॅटरी असते, म्हणजे आम्ल काचतंतूंच्या चटईत शोषलेली; तिला १४.७ व्होल्टचा मोड लागतो, नाहीतर ती कायम थोडी अर्धवट भरलेली राहते. ‘रिकॉन’ हा १५.८ व्होल्टचा मोड पार रिकाम्या झालेल्या पाण्याच्या बॅटरीसाठी आहे. तो राखणीसाठी वापरू नका, आणि वापरायचाच झाला तर बॅटरी गाडीतून काढून वापरा. लिथियम बॅटरीला हा चार्जर चालत नाही.

जोडणीसाठी चिमट्यांची आणि गोल कड्यांची अशा दोन वायरी सोबत येतात. दीर्घकाळासाठी कड्यांचीच घ्या: ती टर्मिनलच्या बोल्टखाली कायमची कसता येते आणि तिच्यात फ्यूज असतो. चिमटा गंजतो, सरकतो. निगेटिव्ह टर्मिनलवर बॅटरी सेन्सर (बॅटरीत येणारी-जाणारी वीज मोजणारा) असेल तर काळी वायर टर्मिनलला न लावता बॉडीच्या अर्थ पॉइंटला लावा. सेन्सरला वगळून चार्ज केले तर गाडीचा हिशेब चुकतो. वायर बोनेटखालून बाहेर काढताना कडेला चिरडत नाही ना ते पाहा. पाणी भरता येणारी बॅटरी असेल तर आधी सगळ्या सेलमध्ये डिस्टिल्ड वॉटर पातळीपर्यंत हवे. खोलीत हवा खेळती ठेवा, कारण चार्जिंगमध्ये हायड्रोजन सुटतो.

या चार्जरची मर्यादा त्याच्या आत नाही, भिंतीवरच्या सॉकेटमध्ये आहे. कोणीतरी ‘उगाच चालू दिसतंय’ म्हणून बटण बंद करते आणि वर्षभराची तयारी वाया जाते. बटणावर चिकटपट्टी लावा आणि महिन्यातून एकदा दिव्यांचा फोटो पाठवायला कोणाला तरी सांगा. वीज गेलेली असताना चार्जर स्वतः बॅटरीतून महिन्याला १ अँपिअर-तासापेक्षाही कमी घेतो, त्यामुळे थोडा वेळ वीज गेल्याने काही बिघडत नाही. मात्र निघण्याआधी एकदा प्लग काढून परत लावा आणि वीज आल्यावर तो योग्य मोडमध्ये स्वतःहून सुरू होतो का, हे डोळ्यांनी पाहा. ही दोन मिनिटे टाळू नका.

पार्किंगमध्ये सॉकेटच नसेल तर हा चार्जर कायमचा लावायला घेऊ नका. बॅटरी आधी पूर्ण भरा, मग निगेटिव्ह वायर काढा. तरीही बॅटरी आपली आपण महिन्याला ३ ते ५ टक्के उतरते, उष्णतेत आणखी वेगाने. दर तीन महिन्यांनी कोणीतरी ती रात्रभर चार्ज केली आणि व्होल्टेज १२.४ च्या खाली जाऊ दिले नाही, तर ती टिकते. या कामासाठी मात्र हाच चार्जर उत्तम. बॅटरी डिकीत असेल आणि डिकी विजेच्या कुलपाची असेल, तर वायर काढून झाकण लावण्याआधी चावीने ती उघडते का ते तपासा. काच आणि कव्हर यांच्या आड ठेवलेल्या छोट्या सोलर पॅनेलवर विसंबू नका.

बॅटरी राखली म्हणजे गाडी राखली असे नाही. निघण्याच्या आठवड्यात इंजिन ऑइल आणि फिल्टर बदला, कारण वापरलेल्या ऑइलमध्ये आम्ले आणि पाणी असते आणि ते बेअरिंगांवर महिनोन्महिने बसून राहते. पेट्रोलची टाकी जवळजवळ भरा. हवेची जागा कमी राहिली की दमट हवाही कमी शिरते. इथेनॉल मिसळलेले पेट्रोल पाणी शोषते, आणि प्रमाण वाढले की पाणी-इथेनॉलचा थर तळाशी वेगळा पडतो. स्टा-बिलसारखे स्टॅबिलायझर, म्हणजे पेट्रोल लवकर खराब होऊ न देणारे औषध, साधारण १० लिटरला ३० मिलिलिटर लागते. ते ताज्या पेट्रोलमध्येच घाला, जुने झालेले पेट्रोल ते सुधारत नाही. नंतर गाडी दहा मिनिटे चालवा, म्हणजे ते इंजेक्टरपर्यंत पोहोचेल. डिझेलला त्याचे वेगळे औषध, आणि फिल्टरमधले पाणी आधी काढायचे. अॅडब्लू (डिझेलच्या धुरातले प्रदूषण कमी करणारे द्रव) लागणारी गाडी असेल तर ते ३० अंशांत साधारण १२ महिने टिकते, ३५ अंशांत जेमतेम सहा.

‘अधूनमधून सुरू करून ठेवा’ हा सल्ला मनापासून दिला जातो, पण तो चुकीचा आहे. पाच मिनिटांत ऑइल तापत नाही. जळणातून निघालेली वाफ सायलेन्सरमध्ये आणि संपमध्ये (इंजिनखालच्या ऑइलच्या भांड्यात) पाणी होऊन बसते, आणि सेल्फला गेलेली वीज अल्टरनेटर तेवढ्यात भरून काढत नाही. शेजाऱ्याला सुरू करायला सांगायचेच असेल तर गाडी किमान अर्धा तास रस्त्यावर चालवायला सांगा. नाहीतर हात लावू नका म्हणा.

टायरमध्ये नेहमीपेक्षा ०.५ बार जास्त हवा भरा, पण बाजूवर लिहिलेल्या कमाल दाबाच्या आत. हँडब्रेक ओढून ठेवू नका, ब्रेक शू ड्रमला चिकटतात. चाकांना दोन्ही बाजूंनी अडणी लावा आणि गाडी पहिल्या गिअरमध्ये किंवा ‘पी’मध्ये ठेवा. सायलेन्सरच्या आणि एअर फिल्टरच्या तोंडाला बारीक लोखंडी जाळी लावा, कारण उंदरांना फिल्टरची पेटी फार आवडते. धुऊन पूर्ण वाळवल्याशिवाय कव्हर घालू नका, आणि कव्हर हवा जाऊ देणाऱ्या कापडाचेच घ्या. प्लास्टिकखाली रंगावर पाण्याचे फोड उठतात.

शेवटी एका कागदावर ‘सायलेन्सरमध्ये जाळी, फिल्टरमध्ये जाळी, टायर जास्त दाबाचे, हँडब्रेक सोडलेला, चार्जर लावलेला’ असे लिहून तो स्टिअरिंगला बांधा. परतल्यावर हा कागद वाचून एकेक गोष्ट काढा, ऑइल आणि ब्रेक फ्लुइडची पातळी बघा, मगच चावी फिरवा. पहिले काही ब्रेक मोकळ्या जागी हळू वेगात दाबा. डिस्कवर गंज चढलेला असतो, तो तेव्हाच घासून निघतो.