साडेचारशेचं ध्वनी किट: फोर्क भारी, दोरा मात्र घरचाच लावा

सातवीच्या पोरांसाठी नाशिकला शालिमारजवळच्या एका शैक्षणिक साहित्याच्या दुकानातून ध्वनीच्या प्रयोगांचं किट घेतलं, साडेचारशेला पडलं, बिल कच्चंच दिलं (शाळेत ते चालत नाही, म्हणजे माझ्याच खिशातून गेले समजा).

ट्यूनिंग फोर्क (आपटला की एकाच सुरात वाजणारा धातूचा दुबेळका) खरंच चांगलाय, ५१२ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला ५१२ वेळा थरथरणारा. रबरावर आपटून हवेत धरला तर मागच्या बाकावर काहीच नाही, पण दांडी बाकावर टेकवली की अख्ख्या वर्गाला ऐकू येतं. मधे स्पंज ठेवला की आवाज गुल.

किटमधल्या कप-दोऱ्याच्या खेळण्यातल्या टेलिफोनने मात्र पोपट केला. दोरा लोकरीसारखा मऊ, कितीही ताणा पलीकडे नुसती खुसखुस. दुसऱ्या दिवशी घरून तंगूस आणि चहाचे कागदी कप नेले, बुडाला टाचणीने भोक पाडून आत काडेपेटीची काडी अडकवली, आणि व्हरांड्याच्या या टोकाचं त्या टोकाला स्पष्ट ऐकू आलं. दोरा ढिला सोडला किंवा कुणी मधे चिमटीत धरला की लाइन कट, पोरांनी तेच पन्नास वेळा केलं.

किटमधला चमचा अॅल्युमिनियमचा आणि हलका, वाजतच नाही धड. मग खिचडीवाल्या मावशींकडून स्टीलचा मोठा डाव मागून आणला, मधोमध दोरा बांधला, दोन्ही टोकं बोटांना गुंडाळून बोटं कानात आणि डाव टेबलावर आपटला. बाहेरच्यांना नुसतं टण्ण, कानात बोटं घातलेला पोरगा ओरडला, "मॅडम, नारोशंकराची घंटा!" (आमच्या नारोशंकर मंदिरातली ती मोठी घंटा). त्यानंतर तास संपेपर्यंत रांग हटली नाही आणि मावशी डावासाठी दारात उभ्या.

माहितीपुस्तिकेवर माझा खरा राग आहे. हवेत आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, पाण्यात १४८० च्या आसपास, स्टीलमध्ये ५००० च्या वर, इथपर्यंत बरोबर. पुढे लिहिलंय "म्हणून स्थायूत आवाज मोठा येतो". एका पोरीने विचारलंच, लवकर पोचला म्हणून मोठा कसा होईल? बरोबरच आहे तिचं! बाकावर मोठा येतो कारण फोर्कसोबत सगळी फळी थरथरते आणि जास्त हवा हलवते, आणि दोऱ्यातून नीट येतो कारण तो चहूकडे पसरून वाया जात नाही. वेगाचा इथे काय संबंध?

पाचपैकी तीन स्टार, त्यातले दोन फोर्कचे. फोर्क सुटा मिळेल का विचारलं तर दुकानदार म्हणे, "सुटा नाही देत मॅडम, मग बाकीचं कोण घेणार?"