साखर कारखान्याचे सांडपाणी: हवेची टाकी की कृत्रिम पाणथळ?

चिकोडी-निपाणी भागातील साखर कारखान्यांपुढे सांडपाणी शुद्ध करण्याच्या दोन वाटा आहेत. हवा फुंकून सांडपाण्यातील घाण खाणारे जिवाणू पोसणाऱ्या टाकीला जागा कमी लागते, पण ब्लोअर अखंड चालवावा लागतो; शिवाय गळीत हंगाम संपला की जिवाणूंची उपासमार होते आणि पुढच्या हंगामाआधी शेणकाला घालून ते पुन्हा वाढवावे लागतात. खडीच्या थरात पाणकणीस ही पाणवनस्पती लावलेल्या कृत्रिम पाणथळीत मुळांभोवतीचे आणि खडीवरचे जिवाणू हेच काम जवळजवळ विजेशिवाय करतात. मात्र तिला जमीन पुष्कळ लागते आणि तेल व गाळ आधी काढला नाही तर खडी तुंबते. म्हणून कारखान्याचे तीव्र सांडपाणी थेट पाणथळीत सोडू नये, आधीच्या प्रक्रियेनंतरची अखेरची पायरी म्हणूनच ती बांधावी, असे माझे स्पष्ट मत आहे.