स्वारगेट ते वाई: एका दिवसासाठी एसटी उत्तम, फक्त गाडी नीट निवडा

थेट वाईची किंवा वाईमार्गे महाबळेश्वरची गाडी घ्या. साताऱ्याची एसटी हायवेनेच पुढे जाते. वाईला वळणाऱ्या सुरूर फाट्यावर उतरून पुन्हा दुसरं वाहन शोधावं लागतं. महिलांना तिकीट निम्मं. शनिवार-रविवारी खंबाटकी घाटात वाहनं तुंबतात, म्हणून सकाळी सातच्या आत निघाच.

वाई स्थानकावरून कृष्णेकाठचा गणपती घाट चालत गाठता येतो. ढोल्या गणपतीच्या देवळाची मागची भिंत चुकवू नका: कृष्णेचा पूर दुभंगून जावा म्हणून ती माशाच्या आकाराची बांधली आहे. काय डोकं लावलंय! मेणवली गाव तिथून तीनेक किलोमीटर, रिक्षा करा. नाना फडणवीसांचा वाडा आणि मराठ्यांनी पोर्तुगीजांविरुद्धच्या १७३९च्या वसई मोहिमेतून आणलेली घंटा तिथेच. परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ वाईत उतरल्याबरोबर विचारून ठेवा.