बेटावरची दहा माणसे आणि चोडणची फेरीबोट

गोव्यातल्या चोडण बेटावरून रोज फेरीबोटीने मांडवी नदी ओलांडून रायबंदरला येणाऱ्याला, बेटावर अडकणे म्हणजे काय, हे पुस्तकातून शिकावे लागत नाही. तरीही यंदाच्या जूनमध्ये पणजीच्या कृष्णदास शामा ग्रंथालयातून आणलेल्या अगाथा ख्रिस्ती यांच्या ‘अँड देन देअर वेअर नन’ या १९३९ सालच्या इंग्रजी कादंबरीने मला दोन रात्री नीट झोपू दिले नाही.

डेव्हनच्या किनाऱ्याजवळील बेटावर दहा माणसे जमतात. पहिल्याच रात्री ग्रामोफोनची तबकडी प्रत्येकावर खुनाचा आरोप ठेवते, आणि पुढे भिंतीवर टांगलेल्या बडबडगीताच्या क्रमाने एकेक जण मरत जातो. दर मृत्यूनंतर जेवणाच्या मेजावरची चिनी मातीची एक बाहुली नाहीशी होते. प्रेतांपेक्षा मला या बाहुल्यांच्या मोजणीचीच अधिक धास्ती वाटली.

इथे गुप्तहेर नाही, त्यामुळे वाचकाला विसंबायला कोणीच उरत नाही. लेखिका सगळ्यांच्या मनात डोकावू देते, उरलेल्यांचे विचार एका ठिकाणी नावांशिवाय मांडते, आणि तरीही खुनी ओळखू येत नाही. शेवट कळल्यावर मी ती पाने पुन्हा वाचली, तेव्हा कुठेही खोटे सांगितलेले आढळले नाही. व्हेरा या तरुण शिक्षिकेच्या बाबतीत तर मी पुरता फसलो: तिच्या सांभाळातला मुलगा पोहताना बुडाला, ही तिची सल वाचताना मी मनोमन तिची वकिली करू लागलो होतो आणि ती वकिली किती महागात पडली, हे वाचणाऱ्यानेच अनुभवावे.

त्या दहांपैकीच एक असलेल्या लोम्बार्डने पूर्व आफ्रिकेत एकवीस स्थानिक माणसांना उपाशी मरायला सोडून दिलेले असते आणि तो ते निर्विकारपणे कबूल करतो. साडेचारशे वर्षे परकी सत्ता पाहिलेल्या भूमीतल्या वाचकाला ते ‘नेटिव्ह लोकांना मरणाचे फारसे काही वाटत नाही’ छापाचे बोलणे टोचतेच; पण त्याची लाज लेखिकेने त्या पात्राच्या पदरात बांधली आहे, असे मला वाटते.

माझी खरी तक्रार अखेरच्या खुलाशाविषयी आहे. पोलीस हात टेकतात आणि मग मासेमारीच्या बोटीला सापडलेल्या बाटलीतला कबुलीजबाब सारे उलगडतो. मालीम जेटीवर जाळ्यांत काय काय येते हे पाहणाऱ्याला हा योग जरा सोयीचाच वाटेल. शिवाय त्या पत्राचा नीटनेटका सूर आधीची दहशत पातळ करतो. १९४३ च्या नाट्यरूपात ख्रिस्ती यांनी शेवट बदलून दोघांना जिवंत ठेवले. त्यापेक्षा मात्र कादंबरीतले रिकामे बेट कितीतरी प्रामाणिक आहे.