घरगुती विज्ञानाचा प्रयोगसंच : साहित्य चोख, पुस्तिका मात्र घाईची

प्राथमिक शाळेतल्या मुलांसाठी वीस प्रयोगांचा एक संच आम्ही घेतला आणि दुसरीतली मुलगी व चौथीतला मुलगा यांना सोबत घेऊन त्यातले बहुतेक प्रयोग करून पाहिले. पुढे काही त्रुटी स्पष्टपणे मांडायच्या आहेत, म्हणून उत्पादकाचे नाव देत नाही. शिवाय असे संच बरेचसे एकाच धर्तीचे असल्यामुळे इथे लावलेले निकष दुसरा संच निवडतानाही उपयोगी पडावेत. माझे मत आधीच सांगते : संच घेण्याजोगा आहे, पण त्यातली पुस्तिका मोठ्या माणसाने वाचून बाजूला ठेवावी आणि मुलांपुढे फक्त साहित्य मांडावे.

साहित्य खरोखरच चांगले आहे. परीक्षानळ्या जाड प्लास्टिकच्या असून खाली पडल्या तरी तडकत नाहीत, ड्रॉपरचे रबर लहान बोटांनी सहज दाबले जाते आणि मापाच्या पेल्यावरच्या रेघा छापलेल्या नसून कोरलेल्या असल्यामुळे वारंवार धुतल्यावरही पुसल्या जात नाहीत. भिंग, तापमापक, पट्टीचुंबक, तुरटीची पूड, लिटमसच्या पट्ट्या, दोरा, आकडा आणि लोखंडी वायसर ही बाकीची सामग्री. व्हिनेगर, खाण्याचा सोडा, मीठ, तेल हे घरातलेच वापरायचे आहे, आणि ते योग्यच आहे. नेहमी डोळ्यांसमोर असणारे पदार्थ असे वागतात हे कळल्यावर मुलांचे कुतूहल अधिक टिकते.

संचातला सर्वांत सरस प्रयोग दोलकाचा आहे. दोऱ्याला आकडा बांधायचा, आकड्यात वायसर अडकवायचे, थोडेसे एका बाजूला ओढून सोडायचे आणि दहा आंदोलनांना किती वेळ लागतो ते घड्याळावर पाहायचे. वजन वाढवले की दोलक वेगाने झुलेल, असे जवळजवळ प्रत्येक मूल आधी सांगते. प्रत्यक्षात वायसर दुप्पट केले तरी वेळ बदलत नाही. दोऱ्याची लांबी बदलली की मात्र लगेच बदलतो. सुमारे २५ सेंटिमीटर लांबीच्या दोलकाला एका पूर्ण आंदोलनासाठी सुमारे एक सेकंद लागतो आणि १ मीटर लांबीच्या दोलकाला सुमारे दोन सेकंद, म्हणजे लांबी चौपट केली की वेळ दुप्पट होतो. आमच्या मुलाने वायसर एकाखाली एक असे साखळीसारखे बांधले, तेव्हा वेळ थोडा वाढला आणि वजनाचाच परिणाम होतो असे त्याने ठामपणे सांगितले. मग आम्ही तेच वायसर एकाच आकड्यात शेजारी शेजारी अडकवले आणि वेळ पुन्हा पहिल्याइतकाच आला. साखळी केल्यामुळे वजनाचा मध्य खाली सरकला होता, म्हणजे नकळत लांबीच वाढली होती. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा प्रयोगाचा मूळ नियम त्याला इथे कोणी न सांगता उमगला. पुस्तिकेत मात्र पहिल्याच ओळीत ‘वजनाने फरक पडत नाही’ असे छापले आहे. जे शोधून काढायचे तेच आधी सांगून टाकल्यावर मुलाने घड्याळाकडे बघायचे तरी कशाला?

हाच दोष जवळजवळ प्रत्येक पानावर आहे; पण मेणबत्तीच्या प्रयोगात त्याहून गंभीर चूक आहे. ताटलीतल्या पाण्यात पेटती मेणबत्ती उभी करून तिच्यावर काचेचा ग्लास पालथा घातला की ज्योत विझते आणि पाणी ग्लासात वर चढते. पुस्तिका म्हणते की हवेत सुमारे २१ टक्के ऑक्सिजन असतो, तो जळून संपतो आणि त्याची जागा पाणी घेते. हे स्पष्टीकरण अनेक ठिकाणी वाचायला मिळते, आणि ते चुकीचे आहे. ऑक्सिजन पूर्ण संपण्याच्या कितीतरी आधी ज्योत विझते. शिवाय जेवढा ऑक्सिजन वापरला जातो त्याच्या बदल्यात कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ तयार होते. पाणी चढण्याचे मुख्य कारण म्हणजे ज्योतीने तापून फुगलेली ग्लासातली हवा ज्योत विझल्यावर थंड होऊन आकसते. नीट पाहिले तर ग्लास ठेवताना कडेने बुडबुडे बाहेर पडताना दिसतात, आणि पाणी झपाट्याने चढते ते ज्योत विझल्यानंतर. आमच्या मुलीने नेमके हेच विचारले : “आई, ज्योत तर विझली, मग पाणी आत्ता का चढतंय?” त्या प्रश्नाचे उत्तर पुस्तिकेजवळ नाही. एका मेणबत्तीऐवजी तीन मेणबत्त्या त्याच ग्लासाखाली ठेवल्या की पाणी आणखी वर जाते. ऑक्सिजन तेवढाच असताना असे व्हायला नको होते. ही तुलना पुस्तिकेत घालायला दोन ओळी पुरल्या असत्या. मायकेल फॅराडे यांनी १८६०-६१ च्या हिवाळ्यात लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये केवळ मेणबत्ती हा विषय घेऊन मुलांसमोर सहा व्याख्याने दिली होती. त्या विषयाला इथे अर्धे पान मिळाले आहे, आणि तेही चुकीचे.

सोडा आणि व्हिनेगरचा फेसाळणारा ज्वालामुखी प्रत्येक संचात असतोच, इथेही आहे. मुले त्यावर खूश होतात, पण फेस ओसरला की पुस्तिकेलेखी तो प्रयोग संपतो. संचात तापमापक दिलेला असताना तो या मिश्रणात बुडवायला कुठेच सांगितलेले नाही, याचे मला फार वाईट वाटले, कारण फेस येत असताना मिश्रण काही अंशांनी थंड होते. ‘खदखदते म्हणजे गरम असणार’ अशी मुलांची पक्की समजूत असते, ती त्या काचेच्या नळीतला उतरणारा रंग पाहून क्षणात ढासळते. तयार होणारा कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा सुमारे दीडपट जड असतो. उंच पेल्यात साठलेला हा वायू, द्रव सांडू न देता, पेटत्या मेणबत्तीवर अलगद ओतला तर ज्योत विझते. डोळ्यांना न दिसणारी वस्तू ओतता येते, याचा मुलांना वाटणारा अचंबा काही औरच असतो.

स्फटिकांच्या प्रयोगासाठी तुरटी आणि मीठ या दोहोंची कृती एकच दिली आहे : गरम पाण्यात विरघळेल तितके घाला आणि थंड होऊ द्या. तुरटीला हे लागू पडते, कारण गरम पाण्यात ती थंड पाण्यापेक्षा कितीतरी जास्त विरघळते आणि निवताना स्फटिकांच्या रूपात बाहेर येते. मिठाचे तसे नाही. १०० ग्रॅम पाण्यात थंड असताना सुमारे ३६ ग्रॅम मीठ विरघळते आणि उकळत्या पाण्यातही सुमारे ३९ ग्रॅमच, त्यामुळे नुसते निववून हाती फारसे काही लागत नाही. भांडे उघडे ठेवून पाणी उडू द्यावे लागते. पाणी, तेल आणि पाकाच्या थरांचा प्रयोग सोपा आहे आणि न चुकता जमतो.

सुरक्षिततेबाबत एक बाजू चांगली आणि एक चिंतेची आहे. चुंबक मोठा, पट्टीच्या आकाराचा आहे, हे उत्तम. काही संचांत लहान आणि अतिशय शक्तिशाली चुंबकगोळ्या असतात. त्यांपैकी दोन गिळल्या गेल्या तर आतड्याच्या भिंतींपलीकडून एकमेकींना ओढून गंभीर इजा करतात, म्हणून तसा संच घरात आणूच नये. चिंता आहे ती दिव्याच्या प्रयोगातल्या बटण सेलची. त्याचे झाकण स्क्रूने बंद होणारे हवे होते, इथे ते नखाने उघडते. असा सेल अन्ननलिकेत अडकल्यास दोन तासांतही खोल भाजू शकते. आम्ही तो सेल काढून कपाटात ठेवला आहे; ज्या घरात याहून लहान मूल आहे त्यांनी खोका उघडल्याबरोबर हेच करावे.

खोक्यावर ‘वय सहा वर्षांपासून’ असे लिहिले आहे. सहा-सात वर्षांच्या मुलांना थर, चुंबक आणि भिंग यांत रस वाटतो. दोलक आणि स्फटिक यांची खरी मजा आठ वर्षांनंतर येते, आणि ज्योत असलेल्या प्रयोगांत कोणत्याही वयाला मोठे माणूस शेजारी हवेच. नोंदी करायला एकही कोरे पान दिलेले नाही, तेव्हा एक साधी वही सोबत ठेवावी आणि ‘काय होईल असे वाटते’ हे प्रयोगाआधी मुलांच्या हाताने लिहून घ्यावे. लिटमसच्या पट्ट्या सर्वांत आधी संपतात. त्यानंतर जांभळा कोबी उकळून गाळलेले पाणी वापरता येते, आणि ते अधिक बोलके आहे, कारण आम्लात ते लालसर गुलाबी तर आम्लारीत निळे-हिरवे होते.