आयएसएसएन खरा, नियतकालिक खोटं

परिषदेचं माहितीपत्रक नेटवर टाकलं की लगेच 'प्रकाशन सहकार्या'चे मेल यायला लागतात. विद्यार्थ्यांनी चालवलेल्या परिषदांना तर हमखास, कारण आमच्यामागे ना मोठं अनुदान असतं, ना ओळखीतला प्रकाशक. बडोद्यात ग्रंथालय आणि माहितीशास्त्राच्या एम.लिब. आणि पीएच.डी. विद्यार्थ्यांनी मिळून भरवलेल्या परिषदेचे १,३६,८०० रुपये अशाच एका माणसाने नेले. पैशांपेक्षा मोठं नुकसान म्हणजे ३८ लेख त्याने अडकवून ठेवले. त्याने काय दाखवलं, कसं दाखवलं, ते मी सविस्तर लिहिते आहे. पुढच्या हंगामात तो किंवा त्याच्यासारखा दुसरा कुणीतरी नव्या मुलांना फोन करणार, याबद्दल मला शंका नाही.

परिषद कशावर होती ते आधी सांगते. सयाजीराव महाराजांनी १९१० साली अमेरिकेतून विल्यम बॉर्डन यांना बोलावून बडोदा संस्थानाचं ग्रंथालय खातं उभं केलं. १९११ साली ग्रंथालय-प्रशिक्षणाचा वर्ग इथे सुरू झाला, तो देशातला पहिला. पेट्यांत पुस्तकं भरून गावोगाव पाठवायची फिरती ग्रंथालयं इथेच वाढली, आणि १९१२ पासून ग्रंथालयांना वाहिलेलं नियतकालिक इंग्रजी, गुजराती आणि मराठी अशा तीन भाषांत इथून निघत होतं. या वारशाचं आज काय करायचं, हा आमचा विषय. कुणी जुन्या मराठी दाखल-नोंदवह्या तपासल्या होत्या, कुणी देवनागरी छापील मजकुराच्या ओसीआरमधल्या, म्हणजे छापील पानाचं चित्र संगणकाकडून वाचून घेण्यातल्या, चुका मोजल्या होत्या. नंदुरबार, धुळे, जळगावकडच्या महाविद्यालयांतले ग्रंथपाल रात्रीच्या गाड्या पकडून आले होते. नोकरी सांभाळून, स्वतःच्या खिशातून खर्च करून लिहिलेलं ते काम होतं. लेख नीट कुठेतरी छापून यावेत एवढीच त्यांची अपेक्षा होती, आणि ती रास्त होती.

याच अपेक्षेवर तो माणूस आला. फेब्रुवारी २०२५मध्ये यूजीसीने मान्य नियतकालिकांची आपली केअर यादी बंद केली आणि तिच्या जागी नियतकालिक पारखण्याचे सुचवणीवजा निकष दिले. त्यामुळे 'मग आता कुठलं चालेल?' हा प्रश्न प्रत्येक विभागात घोळत होता. यूजीसीच्या २०२२च्या नियमांनी पीएच.डी.चा प्रबंध सादर करण्याआधी लेख छापण्याची देशभरची सक्ती काढली असली, तरी मुलाखतीत आणि पदोन्नतीच्या फाइलमध्ये लेख विचारले जातातच. फोनवर तो हेच बोलला. "मॅडम, केअर तो गया, अब सिर्फ स्कोपस चलेगा." स्कोपस म्हणजे संशोधन-नियतकालिकांची एक आंतरराष्ट्रीय सूची. आवाज मऊ, घाई अजिबात नाही. स्वतःला प्रकाशन समन्वयक म्हणवायचा. परिषदेतले निवडक लेख एका स्कोपस नियतकालिकाच्या विशेषांकात घेऊ, विद्यार्थ्यांची परिषद म्हणून लेखामागे फक्त ३,००० रुपये, निम्मे आधी. शिक्क्यानिशी करारपत्रही पाठवलं.

आम्ही तपासलं. ग्रंथालयशास्त्राची मुलं आहोत, आयएसएसएन, म्हणजे नियतकालिकाचा आठ आकडी आंतरराष्ट्रीय क्रमांक; त्याचा शेवटचा आकडा आधीच्या सात आकड्यांवरून कसा काढतात ते आम्हाला परीक्षेत विचारतात. गणित बरोबर जुळलं. स्कोपसच्या यादीत त्या नावाचं नियतकालिक होतं. मार्गदर्शकांनीही पान पाहून मान डोलावली. सगळं जुळलं, कारण क्रमांक खराच होता आणि नियतकालिकही खरंच होतं. फक्त ते त्याचं नव्हतं. दुसऱ्याच्या नावचा सातबारा दाखवून जमीन विकणारे असतात, तसा हा प्रकार. परदेशातल्या एका विद्यापीठातून निघणारं, मुख्यतः छापील, इंग्रजीत न निघणारं एक जुनं नियतकालिक या लोकांनी निवडलं होतं. त्याच्या नावाचं डोमेन विकत घेतलं, मुखपृष्ठ उचललं, संपादक मंडळाची नावं उचलली आणि आयएसएसएन वर ठळक छापला. अशांना हायजॅक केलेली नियतकालिकं म्हणतात. पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांबद्दल आपल्याकडे बरंच बोललं जातं. कोलोरॅडोतले ग्रंथपाल जेफ्री बील यांनी 'प्रिडेटरी' हा शब्द रुजवला, त्यांची यादी २०१७ साली हटली, हे आम्ही वर्गात शिकतो. पण तिथे नियतकालिक निदान त्याच माणसाचं असतं. इथे सगळी ओळखच चोरलेली असते, म्हणून नेहमीच्या चाचण्या पास होतात.

पुढचं सगळं क्रमाने घडत गेलं. ३८ लेखांचे निम्मे पैसे, ५७,००० रुपये, एका चालू खात्यात गेले. दोन दिवसांत सगळ्या लेखांची स्वीकृतीपत्रं आली, एकावरही समीक्षकाचा शेरा नाही. आम्ही विचारलं, तर "रिव्ह्यू गोपनीय असतो" असं उत्तर मिळालं. मग डीओआय (लेखाची कायमची ओळख असलेला नोंदणीकृत ऑनलाइन क्रमांक) आणि मांडणीचे म्हणून लेखामागे ६०० रुपये, एकूण २२,८००. थोड्याच दिवसांत लेख त्या संकेतस्थळावर दिसायलाही लागले, खंड, अंक, पृष्ठांक सगळं व्यवस्थित. लेखकांनी आनंदाने दुवे एकमेकांना पाठवले. उरलेले ५७,००० गेले ते त्यानंतर. काम डोळ्यांसमोर होतं, तेव्हा पैसे कुठल्या कारणाने अडवणार?

परिषदेतल्या गोषवाऱ्यांच्या पुस्तकासाठी त्याने आयएसबीएनचेही, म्हणजे पुस्तकाच्या ओळख-क्रमांकाचेही, वेगळे पैसे मागितले होते, ते मात्र आम्ही दिले नाहीत. भारतात आयएसबीएन राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून मोफत मिळतो, हे आम्हाला ठाऊक होतं. कुणी त्याचे पैसे मागत असेल तर तो माणूस बाकी कशाचेही पैसे कशासाठी मागतोय ते बघा.

सगळं उलगडलं ते त्याच्या शेवटच्या मागणीमुळे. त्याला आता एकूण रकमेवर १८ टक्के जीएसटी हवा होता. आमची खजिनदार बी.कॉम. करून ग्रंथालयशास्त्राकडे आलेली. तिने कर भरायला ना म्हटलं नाही, फक्त रीतसर बीजक मागितलं. ते आलं आणि ती तिथेच थांबली. लेटरहेडवर पत्ता दिल्लीचा, आणि जीएसटी क्रमांकाची सुरुवात ०९ने. पहिले दोन अंक राज्याचे असतात; दिल्लीचा ०७, ०९ उत्तर प्रदेशचा. पुढची दहा अक्षरं पॅनची, आणि त्यातलं चौथं अक्षर 'पी' होतं, म्हणजे पॅन एका व्यक्तीचं. नाव तर 'प्रायव्हेट लिमिटेड' होतं, तिथे 'सी' असायला हवं. जीएसटीच्या पोर्टलवर क्रमांक टाकला तर तयार कपड्यांच्या एका दुकानाचं नाव आलं. त्या दुकानदाराला बहुधा याची खबरही नसेल.

त्याच सुमारास नंदुरबारकडच्या एका ग्रंथपाल ताईंचा फोन आला. "अगं, माझा लेख स्कोपसमध्ये कुठेच दिसत नाही. अंक बघितला, तर त्याच अंकात भलतेच लेख आहेत." म्हणजे खऱ्या नियतकालिकाचा तोच खंड, तोच अंक, आणि त्यात आमचा एकही लेख नाही. आम्ही डीओआय एकेक करून डीओआय डॉट ओआरजीवर टाकून पाहिले. एकही उघडला नाही. दहाने सुरू होणारी, तिरकी रेघ असलेली ती नुसती अक्षरं होती. नोंदणी कुठेच नाही.

मग आम्ही उलट्या बाजूने गेलो, आणि माझं सगळं सांगणं या एका गोष्टीसाठी आहे. समोरच्याने दिलेल्या दुव्यावरून, त्याने दिलेल्या मेलवरून काहीही तपासू नका. आयएसएसएनच्या आंतरराष्ट्रीय पोर्टलवर क्रमांक टाका आणि तिथे देश, प्रकाशक आणि माध्यम काय लिहिलंय ते वाचा. छापील आणि ऑनलाइन आवृत्तीला वेगवेगळे आयएसएसएन असतात. आमच्या प्रकरणात संकेतस्थळावर ठळक छापलेला क्रमांक छापील आवृत्तीचा होता. त्या देशातल्या, त्या विद्यापीठाच्या मूळ संकेतस्थळावरून संपादकांचा पत्ता शोधा आणि त्यांना थेट विचारा: असा विशेषांक आहे का, हा माणूस तुमचा आहे का, तुम्ही लेखकांकडून पैसे घेता का? आम्ही तसं लिहिलं, तेव्हा दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. आम्ही शुल्क घेत नाही, असा विशेषांक नाही, आणि तुमच्याआधीही काही देशांतून हीच विचारणा झाली आहे. संपादक मंडळातल्या एका प्राध्यापकांना तर आपलं नाव त्या बनावट जागेवर आहे हेही माहीत नव्हतं.

डोमेन कधी नोंदवलं गेलं तेही पाहता येतं, हूइज नावाच्या शोधात, फुकट. कित्येक दशकं चाललेल्या नियतकालिकाचं डोमेन वर्षभराचंही नव्हतं. जुने अंक उघडून बघा. आमच्या त्या जागेवर जुन्या अंकांची शीर्षकं होती, आतल्या फायली उघडतच नव्हत्या. रिट्रॅक्शन वॉचने २०२२पासून हायजॅक झालेल्या नियतकालिकांची एक खुली यादी चालवली आहे, तीही चाळा, पण यादीत नाव नाही म्हणजे निर्धास्त असं समजू नका. बनावट जागांचे दुवे आणि लेख स्कोपसमध्येही शिरल्याचे प्रकार घडलेले आहेत. आणि पुढे येणारा अंक स्कोपसमध्ये नक्की लागेल, असं कोणताही प्रामाणिक संपादक आधी लिहून देत नाही. ज्याने लिहून दिलं, त्याला तिथेच सोडा.

पैशांचं काय झालं ते थोडक्यात. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला, राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार केली, पोलीस ठाण्यात लेखी दिली. पहिल्या दोन हप्त्यांचा पैसा कधीच पुढच्या खात्यांत गेला होता. शेवटच्या हप्त्यातला काही भाग एका खात्यात रोखला गेला. तो सोडवायला आम्ही न्यायालयात अर्ज केला आहे. १९३० ला फोन जितका लवकर जाईल तितकं पैसे अडवणं शक्य होतं, त्यामुळे खात्री करून मग कळवू असं म्हणत बसू नका. व्यवहाराचा यूटीआर क्रमांक हाताशी ठेवा, तो लगेच विचारतात. तक्रार गेल्यावर काही दिवसांत ते संकेतस्थळ गेलं, फोन बंद झाला.

लेखकांना मात्र पैशांपेक्षा वेगळंच ओझं आहे, आणि त्याबद्दल मला मनापासून वाईट वाटतं. त्यांनी स्वामित्वहक्क हस्तांतरणाच्या अर्जावर सह्या करून दिल्या आहेत, काहींनी आधार आणि पॅनच्या प्रतीही दिल्या. ताईंनी आपल्या संस्थेच्या वार्षिक अहवालात हा लेख नोंदवला होता, तो त्यांना स्वतः जाऊन काढून घ्यावा लागला. लेख दुसरीकडे पाठवावा तर साम्य तपासणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये तो 'आधी छापलेला' दिसण्याची भीती.

त्यावर आम्हाला मिळालेला मार्ग असा. संकेतस्थळ जिवंत असतानाच प्रत्येक लेखाच्या पानाचे, स्वीकृतीपत्राचे आणि मेलचे तारखेसह स्क्रीनशॉट काढून ठेवा. खऱ्या संपादकांकडून 'हा लेख आमच्याकडे कधीही आला नाही आणि आम्ही तो छापलेला नाही' असं लेखी घ्या. आम्हाला त्यांनी सगळ्या लेखांच्या यादीसह ते दिलं. ते पत्र आणि पोलीस तक्रारीची प्रत जोडून नव्या नियतकालिकाच्या संपादकांना लेख पाठवतानाच सगळी हकीकत कळवा, नंतर सापडू देऊ नका. या रीतीने पाठवलेले काही लेख समीक्षेला गेले आहेत. एका लेखावर तर समीक्षकांचे शेरेही आले, तपशीलवार, कडक, जुन्या नोंदवह्यांच्या वाचनातल्या दोन शंका दाखवणारे, आणि लेखिका आता पुन्हा त्या वह्या घेऊन बसली आहे. आमच्या परिषदेत लेख दिलेल्या ज्यांच्यापर्यंत ते पत्र अजून पोचलं नसेल, त्यांनी परिषदेच्या जुन्याच मेलवर आपल्या लेखाचं शीर्षक कळवावं. प्रत त्याच दिवशी पाठवू.