बारनिशीचं नंबरिंग मशीन: सहा अंकी घ्या आणि काटा दोनवर ठेवा

विद्यापीठात प्रशासकीय सहाय्यकाच्या टेबलावर दिवसभरात काय काय येतं! सकाळचं टपाल, ट्रान्सक्रिप्ट आणि मायग्रेशनचे अर्ज, महाविद्यालयाचा शिपाई घेऊन आलेला लिफाफ्यांचा गठ्ठा, पदवी पडताळणीची पत्रं, मानधनाची बिलं, एखादा माहिती अधिकाराचा अर्ज. मुंबई विद्यापीठाचा फोर्ट परिसर असो की कलिना, यातला प्रत्येक कागद पुढच्या टेबलावर जायच्या आधी बारनिशीत, म्हणजे टपालाच्या आवक-जावक नोंदीत, त्याला आवक क्रमांक पडावा लागतो. हाताने घातलेल्या क्रमांकात १ चा ७ होतो, एकच नंबर दोनदा पडतो आणि महिन्याभराने अर्ज शोधायला आलेल्या मुलाला ‘सापडत नाही’ असं ऐकावं लागतं. यावर धातूचं, दाबून चालणारं नंबरिंग मशीन हा आजही सर्वांत भरवशाचा उपाय आहे.

याचा खरा उपयोग बाजूच्या डायलमध्ये आहे. काटा शून्यावर असेल तर एकच नंबर पुन्हा पुन्हा उमटतो, १ वर प्रत्येक दाबाला पुढचा, २ वर प्रत्येक नंबर दोनदा, ३ वर तीनदा. अर्ज घेण्याच्या खिडकीवर काटा दोनवर हवा. एक ठसा मूळ अर्जावर, दुसरा विद्यार्थ्याच्या पोच प्रतीवर, की नंबर चुकायला वावच राहत नाही. आवक नोंदवहीतही ठसाच मारायचा असेल तर काटा तीनवर न्यावा. मात्र नंबर लावल्यावर किंवा काटा फिरवल्यावर थेट अर्जावर मारू नये. आतली चकती फेरीच्या मध्यावर असेल तर पहिला नंबर एकदाच उमटून मशीन पुढे सरकतं. रद्दी कागदावर ठसे मारून एक फेरी पूर्ण होऊ द्यावी, म्हणजे आकडा पुढे सरकेपर्यंत दाबावं, मगच सोबतच्या टोकदार काडीने चाकं हव्या त्या अंकावर आणावीत.

शाई हा सगळ्यात नाजूक भाग. नेहमीच्या स्टॅम्प पॅडची पाण्याची शाई यात घालूच नये. ती लवकर सुकते आणि चाकांना गंज धरतो. धातूच्या नंबरिंग मशीनची तेलकट शाई वेगळी मिळते. तिचे तीन-चार थेंब मशीनमधल्या, शाई शोषून धरणाऱ्या फेल्टच्या पट्टीवर पसरून टाकावेत आणि रात्रभर मुरू द्यावेत. घाईने जास्त ओतली तर ८, ६ आणि ० यांची पोटं भरतात आणि तिन्ही सारखेच दिसू लागतात. तेलकट शाई गुळगुळीत कागदावर पटकन वाळत नाही, म्हणून फोटो पेपरवरच्या प्रतीवर ठसा न मारता तिथे पेनने लिहिलेलं बरं.

बिघाड बहुतेक वेळा अंक पालटतानाच होतो. शाई वाळून चिकट झाली की ०००१९९ नंतरचं चाक अडकतं आणि ०००२०० च्या जागी भलताच आकडा येतो. शंभराच्या प्रत्येक टप्प्यावर ठसा डोळ्यांनी वाचावा. दुसरं कारण अर्धवट दाब. मूठ सरळ, तळापर्यंत दाबून पूर्ण वर येऊ द्यायची. कागदाखाली दहा-पंधरा कोरे कागद ठेवले की ठसा एकसारखा उमटतो, स्टेपलच्या पिनेवर दाबला की मात्र अंकाची कड तुटते. मुंबईच्या पावसाळ्यात मशीन उघडं राहिलं तर दिवाळीपर्यंत चाकं जड होतात. सुट्टीआधी पुसून, शिलाई मशीनच्या तेलाचा एखादा थेंब देऊन, डबीत सिलिका जेलच्या पुडीसह ठेवावं.

उणीवही सांगायला हवी: साध्या मॉडेलवर तारीख नसते. तारखेचा शिक्का वेगळा लागतो आणि तो रोज सकाळी बदलावा लागतो. ही बाब किरकोळ नाही. माहिती अधिकार कायदा, २००५ नुसार उत्तराची ३० दिवसांची मुदत अर्ज मिळाल्यापासून मोजतात, म्हणजे कालचीच तारीख राहिली तर कार्यालयाचा एक दिवस गेला. पोच हातात असलेल्या विद्यार्थ्याकडेही तारीख आणि नंबर एवढाच पुरावा असतो, म्हणून दोन्ही ठसे शेजारी-शेजारी आणि स्वच्छ हवेत.

दोन खिडक्या असतील तर दोन मशिनांना एकच मालिका देऊ नये. एकीला ०००००१ पासून, दुसरीला ५००००१ पासून सुरुवात द्यावी, सहा अंक त्यासाठीच हवेत. चुकून पडलेला नंबर खोडून पुन्हा वापरू नये, नोंदवहीत त्या ओळीवर ‘रद्द’ लिहून सही करावी.

क्रॉफर्ड मार्केटजवळच्या अब्दुल रहमान स्ट्रीटवर घ्यायला गेलात तर दुकानातच शंभर ठसे मारून ९९ चे १०० होताना पाहा. कार्यालयीन मागणीपत्रात नुसतं ‘नंबरिंग मशीन’ लिहिलं तर हलकं प्लास्टिकचं येण्याची शक्यता असते. ‘धातूची चाकं, ६ अंक, किमान ०, १, २, ३ या पद्धती, सोबत तेलकट शाईची बाटली आणि एक जादा फेल्ट पट्टी’ असं स्पष्ट लिहा.